मिरग लागला की सायकल घरात: ट्रेनर आणि ऑनलाइन रेसचे नेहमीचे प्रश्न

मिरगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की आमची रविवारची डिचोली-साखळी-केरी-चोर्ला राइड बंद पडते. घाटात धुकं, रस्त्यावर आलेली माती, वळणावर समोरचा ट्रक अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही, आणि खाणीच्या भागातला तो लाल चिखल एकदा चेनमध्ये गेला की दोन दिवस घासत बसा. चवथीपर्यंत हे असंच चालतं. मग मंडळी ट्रेनर, म्हणजे सायकल घरात जागच्या जागी चालवायचं यंत्र, घ्यायचं म्हणतात आणि मला फोन करतात, कारण मी पाच पावसाळे घरात सायकल चालवलीय. प्रश्न सगळ्यांचे जवळपास तेच असतात म्हणून एकदा नीट लिहून काढतोय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: गोव्यात घरात सायकल चालवायची तर आधी चांगला फॅन घ्या, आणि ट्रेनरला जोडायच्या ऑनलाइन ॲपमध्ये स्वतःचं वजन खरं टाका. बाकी सगळं हळूहळू जमतं, या दोन गोष्टी चुकल्या तर मात्र पूर्ण पावसाळा वाया जातो.

घरात चालवून खरंच काही फायदा होतो का?

होतो, आणि खूप होतो. २०१६ च्या फेब्रुवारीत मॅथ्यू हेमन नावाच्या ऑस्ट्रेलियन सायकलपटूचा रेसमध्ये पडून हात मोडला. रस्त्यावर जाता येईना म्हणून त्याने गॅरेजमध्ये ट्रेनर लावून झ्विफ्टवर, म्हणजे आपण पेडल मारू तसं स्क्रीनवरचं बाहुलं सायकल चालवतं त्या ॲपवर, प्रॅक्टिस केली आणि पाच-सहा आठवड्यांनी, १० एप्रिलला, पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली नावाजलेली रेस जिंकली, तीही बेल्जियमच्या कसलेल्या टॉम बोनेनला स्प्रिंटमध्ये मागे टाकून. जे वाइन तर झ्विफ्टच्याच स्पर्धेतून प्रोफेशनल टीममध्ये गेला आणि २०२२ मध्ये स्पेनच्या व्हुएल्टा या मोठ्या रेसमध्ये दोन स्टेज (दिवसाचे टप्पे) जिंकला. ही फार वरची माणसं झाली, पण कारण तुमच्या-माझ्यासाठीही तेच आहे. ट्रेनरवर सिग्नल नाही, उतार नाही, कुत्रा नाही, फुकट फिरणारं चाक नाही, पेडल मारणं थांबलं की सगळं थांबतं. त्यामुळे घरातला एक तास म्हणजे पूर्ण एक तास.

कुठला ट्रेनर घ्यायचा?

दोन जाती आहेत. एकात मागचं चाक तसंच ठेवून रोलरवर दाबून बसवायचं, म्हणजे व्हील-ऑन. दुसऱ्यात मागचं चाक काढून सायकल थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (दातेरी चकत्यांच्या संचावर) चढवायची, म्हणजे डायरेक्ट ड्राइव्ह. व्हील-ऑन स्वस्त पडतो पण टायर घासतो, आवाज करतो, आणि त्याने दाखवलेले वॅट, म्हणजे तुम्ही पेडलवर लावलेली ताकद, टायरच्या हवेवर नि गरम होण्यावर अवलंबून असतात, त्यामुळे दर वेळी टायरमध्ये तेवढीच हवा भरून दहा मिनिटं चालवून मग कॅलिब्रेट करावं, म्हणजे मोजणी जुळवून घ्यावी लागते. डायरेक्ट ड्राइव्ह महाग, पण शांत, आणि वॅट साधारण एक ते अडीच टक्क्यांच्या आत खरे दाखवतो. पर्वरीसारख्या ठिकाणी फ्लॅटमध्ये राहत असाल तर माझं स्पष्ट मत आहे की थोडं थांबा, पैसे साठवा आणि डायरेक्ट ड्राइव्हच घ्या, आणि खाली जाड रबरी मॅट टाका, कारण खालच्या मजल्यावर आवाजापेक्षा जमिनीतून जाणारी थरथर जास्त पोचते.

घेण्याआधी आपली सायकल बघा. मागच्या चाकाला क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक दांडा) आहे की थ्रू ॲक्सल (आरपार जाणारा जाड दांडा), कॅसेट किती स्पीडची, डिस्क ब्रेक आहे का. माझ्या मावसभावाने सेकंडहँड ट्रेनर एका दिवसात पसंत करून उचलून आणला आणि घरी आल्यावर कळलं की थ्रू ॲक्सलचा ॲडॅप्टरच सोबत नाही, तो मागवून येईपर्यंत अर्धा जुलै गेला. जुनी हायब्रीड किंवा एमटीबी (माउंटन बाइक) चालेल का, असंही बरेच जण विचारतात. चालेल, फक्त व्हील-ऑन असेल तर एमटीबीचा गोट्यांचा टायर काढून गुळगुळीत टायर टाका. आणि घरात लहान मूल असेल तर ट्रेनर फिरत असताना त्याला जवळ फिरकू देऊ नका, फिरत्या कॅसेटमध्ये बोट जायला सेकंदही लागत नाही.

साधा जुना ट्रेनर पडून आहे, त्यावर होईल?

ट्रेनिंग होईल. मागच्या चाकाला स्पीड सेन्सर लावला की ॲप अंदाजाने वॅट काढतं. पण हा अंदाज आहे, म्हणून बऱ्याच रेसमध्ये असे वॅट निकालात धरत नाहीत.

ॲप कुठलं?

झ्विफ्ट २०१४ पासून आहे, दर महिन्याला पैसे लागतात, पण दिवसरात्र कधीही उघडा, लोक असतातच आणि रेसही सगळ्यात जास्त तिथेच. मायवूश फुकट आहे आणि नवशिक्याने तिथून सुरुवात केली तर काहीही बिघडत नाही. रूवीमध्ये खऱ्या रस्त्यांचे व्हिडिओ असतात, समोर खरा डोंगर दिसतो. ट्रेनररोडमध्ये चित्रबित्र काही नाही, नुसता प्लॅन आणि आलेख, ज्याला शिस्तीने आकडे वाढवायचेत त्याच्यासाठी ते. मी पावसाळ्याचे तीन-साडेतीन महिने झ्विफ्टचे पैसे भरतो आणि पाऊस ओसरला की बंद करतो, वर्षभर भरायलाच पाहिजे असं नाही.

इंटरनेट खूप जोरात लागत नाही, न तुटणारं लागतं. आणि ट्रेनर सापडतच नाही अशी तक्रार आली की दहातल्या आठ वेळा कारण एकच निघतं: सकाळी फोनवर ट्रेनर बनवणाऱ्या कंपनीचं ॲप उघडलेलं असतं आणि त्याने ब्लूटूथ धरून ठेवलेलं असतं. बरेच ट्रेनर ब्लूटूथवर एका वेळी एकालाच जोडतात. फोनवरचं ते ॲप पूर्ण बंद करा, मग लॅपटॉपवर शोधा, लगेच दिसेल.

एवढा घाम येतो, हे नॉर्मल आहे का?

इथे जरा थांबून वाचा, कारण बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या माहितीत हे आपल्या हवामानाला धरून नसतं. ते लोक हिवाळ्यात पाच डिग्रीच्या गॅरेजमध्ये चालवतात, आपण जूनमध्ये बंद खोलीत चालवतो जिथे भिंतीलाही ओल आलेली असते. पेडल मारताना शरीर जेवढी शक्ती खर्च करतं त्यातला साधारण पाव भागच पेडलवर पोचतो, बाकीची उष्णता होते. रस्त्यावर ताशी तीसने जाताना समोरचा वारा ती काढून नेतो. घरात वारा नाही, आणि हवेत आधीच एवढी ओल की घाम वाळतच नाही, नुसता टपटप खाली पडतो. घाम वाळला तरच अंग थंड होतं, खाली पडला तर नाही.

माझाच हिशोब सांगतो. जानेवारीत दीडशे वॅटवर माझे हृदयाचे ठोके १३२ च्या आसपास असायचे. पहिल्या पावसाळ्यात खिडक्या बंद, वर छताचा पंखा, तेच दीडशे वॅट, आणि चाळिसाव्या मिनिटाला ठोके १५१. मला वाटलं आपला स्टॅमिना गेला. काही गेलं नव्हतं, रक्त कातडीकडे वळत होतं आणि हृदय जास्त पळत होतं. मग जमिनीवर ठेवायचा मोठा फॅन आणला, तो समोरून थेट छातीवर आणि तोंडावर, दुसरा छोटा मागून पाठीवर, ट्रेनर आतल्या खोलीतून उचलून बाल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या ओट्याच्या, दारात आणला, आणि त्याच आठवड्यात ठोके १३८ वर आले. छताचा पंखा पुरत नाही, तो डोक्यावर आणि पाठीवर थोडा वारा देतो, छातीला काही नाही. एसी असेल तर उत्तम, तो हवेतली ओल काढतो, पण एसीसोबतही फॅन लागतोच. फॅन राइड सुरू करायच्या आधीच चालू करून ठेवा, घाम आल्यावर उतरून लावू असं म्हटलं की उशीर झालेला असतो.

प्यायचं काय? तासाला अर्धा लिटर तरी, आणि जोरात चालवत असाल तर लिटरभर सहज जातं. नुसतं पाणी पिऊ नका, घामातून मीठ जातं. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून त्यात चिमूटभर मीठ टाका. मी एका बाटलीत कोकम आगळ, साखर आणि मीठ पाण्यात ढवळून घेतो, दुसऱ्या बाटलीत साधं पाणी. सकाळी रिकाम्या पोटी तासापेक्षा जास्त करणार असाल तर आधी एक केळं किंवा पोदेराचा (पाववाल्याचा) गरम उंडो, म्हणजे गोल पाव, खाऊन घ्या, अर्धा तास आधी.

आणि चालवताना अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखं झालं, चक्कर आली किंवा मळमळायला लागलं तर त्याच क्षणी थांबा. "पाच मिनिटंच राहिलीत" म्हणून रेटू नका. खाली उतरा, फॅनसमोर बसा, मानेला ओला टॉवेल लावा, हळूहळू प्या. हृदयाचा किंवा बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एफटीपी टेस्ट (पूर्ण ताकदीची चाचणी, पुढे सांगितलीय) आणि रेस करूच नका.

एफटीपी म्हणजे काय आणि ती काढायची कशी?

साधारण तासभर टिकवता येईल एवढी तुमची ताकद, वॅटमध्ये. तासभर कोणी जीव काढत बसत नाही म्हणून दोन शॉर्टकट आहेत. एक, वीस मिनिटं जेवढं जमेल तेवढं एकसारखं चालवायचं आणि सरासरीचे ९५ टक्के घ्यायचे. सरासरी २१० आली तर एफटीपी साधारण २००. दुसरा, रॅम्प टेस्ट, म्हणजे दर मिनिटाला वॅट वाढत जातात आणि पाय थांबेपर्यंत चालवायचं, शेवटच्या सगळ्यात चांगल्या मिनिटाच्या ७५ टक्के. नवख्याने रॅम्पच करावी, वीस मिनिटांत ताकद कशी वाटून घ्यायची ते कळायला अनुभव लागतो.

बाहेर काढलेली एफटीपी घरात वापरली तर बऱ्याच जणांना जड जाते, उकाड्यामुळे आणि सायकल घट्ट बांधलेली असल्यामुळे. घरची घरातच मोजा. आणि आठवड्यातल्या बहुतेक राइड एफटीपीच्या ५६ ते ७५ टक्क्यांत ठेवा, म्हणजे शेजारी कोणी असेल तर बोलता येईल अशा. २०० वाल्यासाठी ११२ ते १५०. आठवड्यात दोनच दिवस जोराचे पुरे, त्यात रेसही धरायची. रोज रेस मारणारे आमच्यातले दोघे ऑगस्ट येईपर्यंत पार थकले होते, त्यांना मी तेव्हाही हेच सांगत होतो.

अर्ग मोडमध्ये पाय एकदम अडकतात, ट्रेनर बिघडलाय का?

बिघडलेला नाही. अर्ग मोडमध्ये ट्रेनर वॅट पक्के धरून ठेवतो. तुम्ही हळू फिरवलंत की तो जोर वाढवतो, जोर वाढला की पाय आणखी हळू, मग आणखी जोर, आणि शेवटी चिखलात रुतल्यासारखं होतं. उपाय: जोराचा इंटरव्हल (टप्पा) सुरू व्हायच्या पाच सेकंद आधीच पाय ९०-९५ च्या केडन्सला (मिनिटाला पेडलचे फेरे) आणा. रुतलातच तर दोन सेकंद पेडल सोडा, ट्रेनर सैल पडेल, मग हलके फिरवत परत पकडा. स्प्रिंट करताना अर्ग बंद ठेवा. आणि अर्गमध्ये गिअर बदलून वॅट बदलत नाहीत, तेव्हा चेन सरळ राहील असा मधला गिअर टाकून सोडून द्या.

ट्रेनर डिफिकल्टी, म्हणजे स्क्रीनवरचा चढ पायाला किती लागावा ते ठरवणारी सेटिंग, हाही असाच गोंधळाचा विषय. झ्विफ्टमध्ये ती मुळात अर्ध्यावर असते, म्हणजे स्क्रीनवर दहा टक्के चढ असेल तर पायाला पाच टक्क्यांसारखा लागतो. ती कमी केली की रेसमध्ये फायदा होतो असं काहींना वाटतं. चढ पार करायला लागणारे वॅट तेवढेच राहतात, फरक फक्त गिअर किती वेळा बदलावे लागतात यात पडतो. आल्प दु झ्विफ्ट नावाचा २१ वळणांचा, साधारण बारा किलोमीटरचा चढ आहे, फ्रान्सच्या आल्प द्युएझवरून बनवलेला. सायकलला हलका गिअर नसेल तर तिथे डिफिकल्टी कमीच ठेवा, गुडघे वाचतील.

रेसमध्ये पहिल्या दोन मिनिटांतच मागे पडतो, काय चुकतंय?

बहुतेक वेळा वॉर्मअप. रस्त्यावरची रेस हळूहळू तापते, इथली रेस पहिल्या सेकंदाला पेटते. सगळे एकदम सुटतात, मिनिट-दोन मिनिटं एफटीपीच्या बरंच वर जावं लागतं आणि मग ग्रूप सावरतो. म्हणून रेसच्या आधी १५-२० मिनिटं चालवा, त्यात तीन-चार छोटे जोराचे झटके घ्या, स्टार्ट पेनमध्ये (रेस सुटायच्या जागेत) वेळेवर जाऊन बसा आणि काउंटडाऊनला दहा-पंधरा सेकंद राहिले की पाय आधीच जोरात फिरायला लागलेले असू द्या. शून्य झाल्यावर सुरू करणारा तिथेच पन्नास जागा मागे जातो.

मग ड्राफ्ट. ऑनलाइनसुद्धा दुसऱ्याच्या मागे राहिलात की मेहनत वाचते, मोठ्या ग्रूपमध्ये जवळपास पाव ते एक तृतीयांश. म्हणून एकटं पुढे पळू नका, ग्रूप सोडू नका. ग्रूप तुटायची जागा म्हणजे छोटे चढ आणि त्यांचा माथा. आपण चढ संपला म्हणून श्वास घ्यायला जातो, आणि पुढचे माथ्यावरच जोर लावून उतारावर निघून जातात. माथ्यानंतर आणखी दहा सेकंद पेडल मारत राहा. एवढ्या एका सवयीने मी ज्या ग्रूपमधून दर वेळी सुटायचो त्यात शेवटपर्यंत राहायला लागलो. पॉवरअप, म्हणजे ॲपमध्ये थोडा वेळ मिळणारी मदत, मिळाले तर पिसाचा (वजन हलकं करणारा) चढावर, हेल्मेटचा (वाऱ्याचा अडथळा कमी करणारा) शेवटच्या स्प्रिंटला वापरा.

कॅटेगरी ए, बी, सी, डी अशा असतात. बरीच वर्षं हिशोब वजनामागे वॅटचा होता: अडीचच्या खाली डी, ३.२ पर्यंत सी, ४ पर्यंत बी, त्यावर ए. आता बऱ्याच रेसमध्ये ० ते १००० चा रेसिंग स्कोअर बघून गट पाडतात, तो निकालांवर वरखाली होतो. पहिली रेस सगळ्यात खालच्या गटात घ्या आणि पूर्ण करा, एवढंच.

वेळेचंही गणित आहे. युरोपातली संध्याकाळ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ-साडेदहा, तेव्हा सगळ्यात जास्त गर्दी. रात्री अकराला रेस मारून एकपर्यंत झोप येत नाही, मी अनुभव घेतलाय. त्यापेक्षा अमेरिकेतली संध्याकाळ आपल्या पहाटे साडेपाच ते साडेसातमध्ये पडते. तेव्हा हवाही त्यातल्या त्यात थंड, आणि ऑफिसच्या आधी उरकतं.

वजन थोडं कमी टाकलं तर काय बिघडतं?

सगळं बिघडतं. एफटीपी २०० आणि वजन ७२ किलो, तर किलोमागे २.७८. तोच माणूस ६४ टाकतो आणि ३.१२ होतो, म्हणजे चढावर त्याच्यापेक्षा जास्त घाम गाळणारा कोणीतरी त्याच्या मागे राहतो. मला याचा मनापासून राग आहे. समोर बाहुलं दिसत असलं तरी त्यामागे कोणीतरी खरा माणूस आपल्या खोलीत जीव काढत असतो. उंचीही खरी टाका, त्यावर वाऱ्याचा अडथळा ठरतो. आणि हा पोरखेळ राहिलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, पहिली ई-स्पोर्ट्स सायकलिंग वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली, त्यात जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न आणि दक्षिण आफ्रिकेची ॲशली मूलमन-पासियो जिंकले. त्याआधी २०१९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय ई-रेसिंग स्पर्धेतल्या विजेत्याचं जेतेपद काढून घेऊन त्याच्यावर सहा महिने बंदी घातली गेली, कारण ॲपमधली वेगवान सायकल त्याने स्वतः चालवून मिळवली नव्हती, प्रोग्रॅम लावून मिळवली होती. दर सोमवारी सकाळी काट्यावर उभे राहा आणि आकडा तसाच टाका.

मध्येच लाइट गेली तर?

रेस गेली. मागच्या जुलैत माझ्या शेवटच्या दोन किलोमीटरला लाइनवर माडाचं झावळ पडलं आणि स्क्रीन काळी. आता राउटर आणि ट्रेनर दोन्ही इनव्हर्टरवर आहेत, लॅपटॉप बॅटरीवर चालतोच. फॅनही इनव्हर्टरवर घेता आला तर घ्या. विजा कडाडायला लागल्या तर राइड थांबवून ट्रेनरचा प्लग काढून ठेवा.

सायकल खराब होते का?

चालवून होत नाही, घामाने होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मी हँडलची टेप बदलायला काढली तर आतून पांढरी भुकटी सांडली. ॲल्युमिनियमच्या दांड्यावर ब्रेकच्या क्लॅम्पखाली खड्डे पडलेले, नखाने खरवडलं तर पापुद्रा निघत होता. तो दांडा मी तसाच रस्त्यावर घेऊन गेलो असतो. त्या दिवसापासून हँडल ते सीट असा टॉवेल बांधल्याशिवाय मी बसत नाही. राइड झाली की ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) स्क्रू, हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग), बाटलीच्या स्टँडचे बोल्ट पुसा. महिन्यातून एकदा स्टेमच्या स्क्रूला ग्रीसचा हात द्या, इथली हवा आधीच खारट, त्यात घाम. कार्बन फ्रेम असेल तर ट्रेनरवर वापरायला कंपनीची परवानगी आहे का ते वॉरंटीच्या कागदात बघून घ्या.

बूड दुखतं असंही सगळे म्हणतात. बाहेर सायकल थोडी डुलते, इथे ती हलतच नाही, सगळा भार एकाच जागी. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून चालवा आणि पॅडची चड्डी घाला, घरात कोण बघतंय म्हणून बर्म्युडावर बसू नका, तीन दिवस सोलवटलेली कातडी घेऊन फिराल.

चवथीच्या आधी घर साफ करताना ट्रेनर बाल्कांवातून हलवावाच लागतो, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधायला ती जागा लागते. तेव्हाच सायकल उतरवून घ्या. मागचं चाक परत बसवताना डिस्कवर तेलाचा हात लागू देऊ नका, तीन महिने न वापरलेले ब्रेक अंगणातच दाबून बघा, टायरला भेगा पडल्यात का बघा, आणि पहिली राइड ग्रूपसोबत न करता एकट्याने मये तळ्यापर्यंत करून या, कारण तीन महिने ज्या सायकलला ब्रेकच लावला नाही तिच्यावर हाताला पुन्हा सवय व्हायला एक सकाळ लागते.